मेसोस्टोमा

मेसोस्टोमा ही गोड्या पाण्यात राहणाऱ्या चपट्या कृमींची एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आहे. पट्टकृमी आणि यकृतकृमी ज्या प्लॅटिहेल्मिंथिस संघात मोडतात, त्याच संघातले हे प्राणी. मात्र ते परजीवी नसून शिकारी आहेत. तळी-दलदलींप्रमाणेच पावसाने भरून काही आठवड्यांत आटणाऱ्या डबक्यांतही ते आढळतात. अशा डबक्यांत मासे टिकत नाहीत, म्हणून जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा मऊ जीव तिथे वरचढ ठरतो.

संशोधक फोके यांनी १८३६ मध्ये वर्णिलेली मेसोस्टोमा एहरेनबर्गी ही जाती सर्वांत परिचित आहे. तिचे शरीर पातळ पानासारखे चपटे आणि इतके पारदर्शक असते की पोटातली अंडी बाहेरूनही दिसतात. तोंड डोक्याकडे नसून शरीराच्या खालच्या बाजूस, मधोमध असते. कृमी चिकट श्लेष्म्याचे धागे सोडतो, त्यात डॅफ्निया हा इवला पाणपिसू किंवा डासाची अळी अडकते; मग तिला विषाने लुळी करून तो आतला मऊ भाग शोषून घेतो.

आटणाऱ्या पाण्यात टिकाव धरण्याचे खरे साधन म्हणजे दोन प्रकारची अंडी. पाणी भरपूर असताना पातळ कवचाची अंडी तयार होतात. ती मातेच्या शरीरातच फुटतात आणि पिल्ले जिवंत जन्मतात. प्राणी उभयलिंगी असून ही अंडी बहुधा स्वफलनाने होतात, त्यामुळे डबक्यात पोहोचलेला एकटा कृमीही वस्ती उभी करू शकतो. पुढे जाड कवचाची तपकिरी सुप्त अंडी तयार होऊ लागतात. ती मातेच्या मृत्यूनंतर तिचे शरीर कुजले की चिखलात मिसळतात आणि कोरडा काळ काढतात. पाणी आले तरी ती सगळी एकदम फुटत नाहीत. हे शहाणपणाचेच, कारण पहिल्या सरीने भरलेले डबके आठवड्याभरात आटले तर सारी पिढी एका फटक्यात संपेल.

त्याच चिखलात भक्ष्यांचीही सुप्त अंडी असतात. ऑस्ट्राकोड या इवल्या कवचधारी प्राण्यावरील प्रयोगांत मेसोस्टोमा लिंग्वा ही दुसरी जाती पाण्यात असताना ऑस्ट्राकोडची अंडी कमी फुटली. शिकारी असा न दिसताही भक्ष्याला रोखून धरतो.

प्रत्येक चपटा कृमी अंड्यांवरच विसंबतो असे नाही. उत्तर अमेरिकेतील फॅगोकॅटा व्हेलाटा हा प्लॅनेरियन (मुक्तपणे जगणारा एक चपटा कृमी) डबके आटू लागले की स्वतःचे तुकडे करतो. प्रत्येक तुकडा श्लेष्म्याच्या कोशात बंद होतो आणि पुढे त्यातून पूर्ण कृमी घडतो. तिथलाच हायमॅनेला रेटेन्युओव्हा मात्र जाड कवचाच्या अंडकोशावर भिस्त ठेवतो.

पेशीवैज्ञानिकांना मेसोस्टोमा एहरेनबर्गीचे आकर्षण वेगळ्याच कारणासाठी आहे. तिच्यात गुणसूत्रांच्या पाचच जोड्या असतात. शुक्रपेशी घडताना त्यांपैकी तीन जुळतात. उरलेल्या दोन जोड्यांतली गुणसूत्रे सुटीच राहतात आणि विभाजनापूर्वी पेशीच्या एका ध्रुवाकडून (टोकाकडून) दुसऱ्याकडे ये-जा करतात. जिवंत पेशीत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

डासनियंत्रणाच्या अंगानेही या कृमींकडे लक्ष गेले. कॅलिफोर्नियातील भातशेतांत मेसोस्टोमा डासांच्या अळ्या घटवतो, असे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पण त्याला डासच हवे असतात असे नाही. डॅफ्नियाही तो खातो.