पंढरपूरचं माढा झालंच नाही: एका बाद झालेल्या लोकसभा मतदारसंघाची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात निवडणुकीच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पूर्वीचा पंढरपूर म्हणजे आताचा माढा.’ बातम्यांतही ते बिनदिक्कत छापलं जातं. सोयीचं आहे, पण अर्धंच खरं आहे. नकाशा समोर ठेवला तर पंढरपूर शहर माढा लोकसभेत नाहीच, ते सोलापूर लोकसभेत आहे. ज्या गावाच्या नावानं मतदारसंघ ओळखला जायचा तेच गाव ‘नव्या नावाच्या’ मतदारसंघाबाहेर असेल, तर त्याला नामांतर कसं म्हणायचं?

अगदी सुरुवातीची गोष्ट थोडक्यात. १९५२ साली सोलापूर हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागा शेतकरी कामगार पक्षानं (शेकाप) घेतली आणि राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा उमेदवार निवडून आला. त्या निवडणुकीत फेडरेशनला देशभरात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक ही. पुढे द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले आणि १९६२ पासून पंढरपूर हा स्वतंत्र राखीव मतदारसंघ झाला. त्यानंतर साडेतीन दशकं इथं काँग्रेसच निवडून येत राहिली. १९७७ ते १९९८ या सातही निवडणुका एकाच खासदारानं जिंकल्या. आणीबाणीनंतरची लाट, जनता दलाचं वारं, काहीच आडवं आलं नाही. एवढी सलग खासदारकी मिळाली की गड्याचं नाव आणि मतदारसंघाचं नाव एका दमात घेतलं जातं.

खरी उलथापालथ १९९९ ची. काँग्रेस फुटली आणि जिल्ह्यातली सहकाराची ताकद बरीचशी राष्ट्रवादीकडे गेली. त्यांच्याशी युती करून रिपब्लिकन पक्षाचे नेते मुंबईहून इथं आले आणि जिंकले. आदल्याच वर्षी ते मुंबईतून लोकसभेवर गेले होते. २००४ लाही पंढरपूरनं त्यांनाच दिल्लीला पाठवलं. या मतदारसंघाचे शेवटचे खासदार तेच. ‘बाहेरचा उमेदवार’ हा शिक्का अशा उमेदवाराला चुकत नाही. पण २००९ साली नव्या माढा मतदारसंघाचा पहिला खासदार बारामतीचा होता, म्हणजे तोही तितकाच बाहेरचा. आपल्याकडे ‘बाहेरचा’ हा शब्द माणूस पाहून वापरतात, असं माझं मत आहे.

आता मुख्य गुंता. ‘आरक्षण फिरलं’ असं सगळे म्हणतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका इथं आरक्षण खरोखरच फिरतं. सोडत निघते, चिठ्ठ्या उचलल्या जातात, म्हणून लोकांना लोकसभेचंही तसंच वाटतं. पण लोकसभेला चक्राकार पद्धत नाही. २००२ च्या परिसीमन कायद्याचं, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखण्याच्या कायद्याचं, सूत्र वेगळं आहे: अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विभागायच्या आणि शक्यतो जिथं त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण तुलनेनं जास्त आहे तिथं ठेवायच्या. आधार २००१ च्या जनगणनेचा. राज्याच्या एकूण जागा ४८ च राहिल्या, पण राखीव जागा तीनवरून पाच झाल्या. आधीच्या तीन म्हणजे बुलढाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर. नव्या पाच म्हणजे अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. जुन्यातली एकही टिकली नाही, त्यामुळे ‘फिरलं’ हा समज आणखी पक्का झाला.

पंढरपूरच्या बाबतीत झालं ते असं, की आरक्षण एकीकडे गेलं आणि जमीन दोन वाटांना लागली. आरक्षण गेलं सोलापूरला. माळशिरस आणि सांगोला गेले माढ्यात, सोबत साताऱ्याचे फलटण आणि माण आले, शिवाय करमाळा आणि खुद्द माढा. पंढरपूर, मोहोळ हे सोलापूरला जोडले गेले. बार्शी तर लोकसभेपुरती उस्मानाबादेत. पंढरपूर तालुक्याचे तुकडे पाहिले की डोकं गरगरतं. करकंब महसूल मंडल (तालुक्यातला गावांचा एक गट) माढा विधानसभेत, भाळवणी सांगोल्यात, पुळूज मोहोळमध्ये आणि शहर पंढरपूर विधानसभेत. म्हणजे तहसील एकच, पण करकंब-भाळवणीचा खासदार वेगळा आणि पंढरपूर-पुळूजचा वेगळा. वारीच्या रस्त्याचं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं हे गावाप्रमाणे बदलतं.

विधानसभेलाही तोच घोळ झाला. मंगळवेढा हा राखीव मतदारसंघ नाहीसा होऊन पंढरपुरात मिसळला. कागदावर नाव नुसतं ‘पंढरपूर’, लोक मात्र आजही ‘पंढरपूर-मंगळवेढा’च म्हणतात आणि मंगळवेढेकरांसमोर तसंच म्हणावं लागतं. माळशिरस व मोहोळ राखीव झाले. माळशिरस हातचं गेल्यामुळे त्याच तालुक्यातल्या अकलूजचे माजी उपमुख्यमंत्री २००९ साली पंढरपुरात उभे राहिले आणि एका लहान पक्षाच्या उमेदवाराकडून हरले. त्याच वर्षी पंढरपूरचे मावळते खासदार राखीव झालेल्या शिर्डीला गेले, तिथं तेही पडले.

सोलापूरची गोष्ट यातच येते. जी जागा १९९८ आणि १९९९ ला खुली असतानाही एका दलित नेत्यानं जिंकली होती, तीच २००९ ला राखीव झाली आणि त्यांनी ती पुन्हा जिंकली. २०१४ ला मात्र राखीव जागेवरच ते हरले. २०२४ ला त्यांच्या मुलीनं ती परत आणली. माढ्यातही २०२४ ला खासदारकी अकलूजकडेच गेली. आणि पंढरपूर शहराचा मतदार २००९ पासून सोलापूरच्या राखीव जागेसाठी मत देतोय. म्हणजे त्याच्या मतपत्रिकेवरचं नाव बदललं, जागा मात्र पूर्वीसारखी राखीवच राहिली.