कमी पटाची शाळा

कमी पटाची शाळा : महाराष्ट्रात वीस किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या, बहुधा जिल्हा परिषदेच्या, प्राथमिक शाळेला हे नाव रूढ आहे. ‘पट’ म्हणजे हजेरीपटावर नोंदलेल्या मुलांची संख्या. सह्याद्रीचा घाटमाथा, कोकणातल्या वाड्या, मेळघाट आणि गडचिरोलीतले पाडे, तांडे, धनगरवाडे अशा विरळ वस्तीच्या भागांत या शाळा आढळतात. पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या आणि एक-दोन शिक्षक एवढाच बहुतेकींचा पसारा असतो.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. मुख्य गावापासून तुटलेल्या वस्त्यांवर मात्र पुढे कित्येक वर्षे शाळा नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी २००० च्या सुमारास वस्तीशाळा सुरू झाल्या. गावातलेच शिकलेले तरुण-तरुणी तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक झाले. पुढे या वस्तीशाळांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या आणि निमशिक्षकांना २०१४ मध्ये शिक्षकपद मिळाले. बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने (२००९, अंमल १ एप्रिल २०१० पासून) शाळा मुलाच्या दारात नेण्याचे बंधन घातले. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी.

या शाळेचे सगळे काही पटाला बांधलेले असते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असे कायद्याचे परिशिष्ट सांगते. दरवर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे पट पाहून पदे मंजूर होतात तेव्हा, ही पदे ठरतात, आणि त्या दिवसांत दोन मुले कमी पडली तरी गुरुजींच्या पोटात गोळा येतो. शाळेचे वार्षिक अनुदानही पटावरच ठरते. समग्र शिक्षा या केंद्र-राज्यांच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषात तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि शंभरपर्यंत २५,००० रुपये धरले आहेत. पण विजेचे बिल, खडू, स्वच्छतागृहाची डागडुजी आणि पाण्याची टाकी हा खर्च दहा मुलांसाठीही करावाच लागतो. उरलेली गरज लोकवर्गणी भागवते. कुणी पंखा देतो, कुणी छपराचे पत्रे. पोषण आहारासाठी पंचवीस मुलांपर्यंत एकच स्वयंपाकी-मदतनीस मिळते, आणि बहुतेक ठिकाणी ती त्याच वाडीतली कुणाची तरी आई किंवा आजी असते.

येथे लिपिक नसतो, शिपाई नसतो, स्वतंत्र मुख्याध्यापकही नसतो. दोघांपैकी एक शिक्षक मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळतो. तांदळाचा हिशेब, यू-डायसची (शाळांच्या देशव्यापी माहितीसंचाची) माहिती, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडची बैठक आणि निवडणुकीचे काम त्याच्याच वाट्याला येते. तो बाहेर पडला की द्विशिक्षकी शाळा त्या दिवसापुरती एकशिक्षकी होते.

वर्गातली पद्धत जोडवर्गाची असते. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. एका गटाला बाई समोर घेऊन शिकवतात तेव्हा दुसरा गट गणिते सोडवतो, चित्रांवरून वाक्ये लिहितो किंवा धाकट्यांचे वाचन घेतो. धाकटे थोरल्यांचे पाढे ऐकत असतात, त्यामुळे पुढच्या इयत्तेतल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या कानावरून आधीच गेलेल्या असतात. नीट सांभाळलेला जोडवर्ग हे या शाळेचे खरे बळ आहे. मात्र पाठ्यपुस्तके इयत्तावार आणि प्रशिक्षणेही इयत्तावार असल्याने ही कला शिक्षक बहुतेक स्वतःच्या अनुभवातून शिकतो. तो रुळतो न रुळतो तोच बदली झाली, तर घडी पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते.

गुणवत्तेचे मोजमाप येथे फसवे ठरते. चौथीत चारच मुले असतील तर एक आजारी पडला की निकाल पंचवीस टक्क्यांनी घसरतो. पुढच्या वर्षी एक हुशार मुलगी आली की शाळा तालुक्यात वर चढते. शिष्यवृत्ती किंवा नवोदय परीक्षेच्या आकड्यांवरून अशा शाळेला चांगली वा वाईट ठरवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. ‘असर’ ही ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी घरोघरी जाऊन होते आणि तिचे निष्कर्ष जिल्हा-राज्यापुरते असतात, एकेका शाळेबद्दल ते बोलत नाहीत. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार पाहणीतल्या देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी ५२.१ टक्के शाळांचा पट साठच्या आत होता. प्रत्येक मुलाच्या वाचनाची आणि हिशेबाची महिन्या-महिन्याची नोंद ठेवणे, हाच या शाळेपुरता विश्वासार्ह मार्ग.

पट घटण्यामागे घटलेला जन्मदर, शहराकडे गेलेली कुटुंबे, ऊसतोडीचे हंगामी स्थलांतर आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या दारात येणाऱ्या गाड्या ही कारणे आहेत. वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरच्या शाळेत २०२३ मध्ये एकच विद्यार्थी होता आणि त्याला शिकवायला शिक्षक रोज येत होते.

शासनाने २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत सामावण्याचे ठरवले, त्याला मोठा विरोध झाला. २०२३ मध्ये तोरणमाळ (नंदुरबार) आणि पानशेत (पुणे) यांच्या धर्तीवर समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळांतली मुले एकत्र आणणाऱ्या मोठ्या शाळांचे, प्रस्ताव मागवण्यात आले. मोठ्या शाळेत ग्रंथालय, विषयशिक्षक आणि खेळायला भरपूर सोबती मिळतात, हे खरे. पण पावसाळ्यात ओढा भरला की सहा वर्षांचे मूल घरी राहते, आणि गाडीची सोय बंद पडली की आधी मुलींची शाळा सुटते. अंतराचा हिशेब नकाशावर सरळ रेषेत मांडून चालत नाही, तो पायवाटेने मांडावा लागतो.

काही लहान शाळांनी जगाचे लक्ष वेधले. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि ग्रामस्थ यांनी ती उभी केली, आणि २०२५ मध्ये ती जगातील सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत अंतिम यादीत पोहोचली.