हर्पीस, जननेंद्रियांचा

हर्पीस सिंप्लेक्स विषाणूमुळे होणारा व मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणारा चिरकालीन रोग. ‘हर्पीस’ ही संज्ञा ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आली असून संस्कृत ‘सृप्’ हा त्याचा सगोत्र धातू होय. ‘परिसर्प’ हा मराठी पर्याय त्यामुळे अन्वर्थक ठरतो. प्राचीन ग्रीक वैद्यकातील हर्पीस म्हणजे मात्र त्वचेवर पसरत जाणारा जवळजवळ कोणताही व्रण. तो आजचाच रोग मानणे धाडसाचे आहे आणि आयुर्वेदातील ‘विसर्प’ या पसरत जाणाऱ्या त्वचारोगालाही हीच सावधगिरी लागू पडते. जननेंद्रियांवरील रोगाच्या आरंभीच्या स्पष्ट वर्णनाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच वैद्य झां आस्त्र्यूक (१७३६) यांना देतात. नागीण याच कुलातील वेगळ्या विषाणूमुळे होते. तिचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही.

विषाणूचे दोन प्रकार १९६० च्या दशकात निश्चित झाले. प्रकार १ बहुधा ओठांवर, तर प्रकार २ जननेंद्रियांवर आढळतो. पण मुखमैथुनातून प्रकार १ देखील जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो. प्रकार २ च्या उगमाविषयी मतभेद आहेत. दोन्ही प्रकार मानवी वंशातच विभागले गेले, असे पूर्वी समजत. जनुकीय तुलनेवर आधारलेल्या २०१४ मधील अभ्यासानुसार प्रकार २ हा चिंपँझीच्या पूर्वजांकडून सुमारे १६ लाख वर्षांपूर्वी मानवी पूर्वजांत आला. हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यापुढे जाऊन पॅरँथ्रोपस बॉइसी या लुप्त मानवसदृश जातीला मधला दुवा ठरवणारी मांडणी (२०१७) मात्र जीवाश्मांची स्थाने व गणिती प्रारूप यांवरच उभी आहे.

संसर्गानंतर साधारण २ ते १२ दिवसांत बारीक, पाणीदार फोडांचे पुंजके उठतात, फुटतात व दुखरे व्रण होतात. लघवीला आग, ताप व जांघेत अवधाण ही लक्षणे पहिल्या वेळी तीव्र असतात. व्रण भरले तरी विषाणू जात नाही. तो संवेदी तंत्रिकांतून (संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतून) वर सरकून कण्याच्या तळाशी असलेल्या तंत्रिकागुच्छिकांत (मज्जापेशींच्या पुंजक्यांत) सुप्त राहतो व अधूनमधून त्याच वाटेने त्वचेवर परततो. असे पुनरुद्भव (पुन्हा उठणारे फोड) सौम्य असतात व कालांतराने विरळ होतात; प्रकार १ मध्ये ते मुळातच कमी.

बहुसंख्य बाधितांना आपल्याला संसर्ग आहे याची कल्पनाच नसते. त्वचा निरोगी दिसत असतानाही विषाणू बाहेर पडत असतो, त्यामुळे अनेकांना संसर्ग कोणाकडून व केव्हा झाला हे सांगता येत नाही. नव्याने निदान झाले म्हणजे जोडीदाराने अलीकडे विश्वासघात केला, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरू शकतो. त्यापायी संसार मोडू नयेत. शौचालयाची बैठक किंवा पोहण्याचा तलाव यांतून हा रोग होत नाही.

कंडोममुळे धोका बराच घटतो, पण न झाकलेल्या त्वचेतून संसर्ग होऊ शकतो. व्रण असताना, तसेच ते उठण्यापूर्वी मुंग्या येऊ लागताच संबंध टाळावेत. ओठांवर फोड असल्यास मुखमैथुनही. बाधित जोडीदाराने रोज व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणुरोधी औषध घेतल्यास प्रकार २ चा प्रसार सुमारे निम्म्याने घटतो. प्रकार २ च्या संसर्गामुळे एचआयव्हीचा धोका सुमारे तिप्पट होतो. लस अद्याप उपलब्ध नाही.

ताज्या व्रणातील द्रावाची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी निदानास सर्वांत विश्वसनीय. लक्षणे नसताना केलेल्या रक्तचाचणीत खोटे होकारार्थी निष्कर्ष बरेच येतात. ॲसायक्लोव्हिर व तत्सम औषधे विषाणूची वाढ रोखतात, सुप्त विषाणूचा नाश करीत नाहीत.

नवजात अर्भकातील हर्पीस विरळ, पण प्राणघातक ठरू शकतो. गरोदरपणाच्या शेवटी मातेला प्रथमच संसर्ग झाल्यास धोका सर्वाधिक असतो. जुना संसर्ग असल्यास फारच कमी. कळा सुरू होताना व्रण असल्यास सिझेरियन करतात, म्हणून पूर्वी कधीही फोड आले असल्यास गरोदर स्त्रीने डॉक्टरांना ते आधीच सांगावे.