तुकड्याच्या रिपोर्टात ‘प्लाझ्मासायटोमा’: नाकाघशातली एकटी गाठ की मायलोमा?

नाकातून, टाळूवरून किंवा घशातून काढलेल्या तुकड्याच्या (बायोप्सीच्या) रिपोर्टात ‘प्लाझ्मासायटोमा’ किंवा ‘प्लाझ्मा सेल निओप्लाझम’ असं लिहून आलं, तर त्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात. एकात गाठ तेवढ्या जागीच असते आणि बाकी शरीर स्वच्छ असतं. हा एक्स्ट्रामेड्युलरी, म्हणजे हाडातल्या मगजाबाहेरचा, एकटा प्लाझ्मासायटोमा. दुसरा मल्टिपल मायलोमा. तो मगजातला, अंगभराचा आजार असतो आणि नाकातली गाठ हे त्याचं वर दिसलेलं एक ठिकाण. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दोन्हींत तीच दिसते: प्लाझ्मा पेशी, म्हणजे एरवी अँटीबॉडी बनवणारी मगजातली पेशी. पहिल्यात महिनाभराच्या रेडिएशनने आजार पूर्ण बरा करण्याची आशा धरता येते, तर दुसऱ्यात औषधं वर्षानुवर्षं चालतात. म्हणून तुकड्याचा रिपोर्ट हे निदानाचं अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं रक्त, लघवी, मगज आणि स्कॅन यांतून पूर्ण होतं, आणि ते होईपर्यंत उपचार सुरू करू नयेत.

एकटी गाठ दुर्मीळ आहे. प्लाझ्मा पेशींच्या सगळ्या ट्यूमरांत तिचा वाटा साधारण 3 ते 5 टक्के. पण ती झालीच तर दहापैकी आठ वेळा डोक्या-मानेच्या भागात होते: नाक, सायनस, नाकामागचा घसा, टॉन्सिल, स्वरयंत्र. वय बहुतेक पन्नाशी-साठीचं, आणि पुरुषांचं प्रमाण जास्त. एका बाजूचं नाक महिनोन्महिने चोंदणं, अधूनमधून घोळणा फुटणं, आवाज बसणं, टाळूवर न दुखणारी लालसर, मऊ सूज, एवढीच लक्षणं. ताप नाही, वजन घटत नाही, माणूस शेतात कामाला जात असतो. त्यामुळे आपल्याकडे विदर्भात ती इतर नावांखाली झाकली जाते. तोंडात गाठ दिसली की खर्ऱ्याचा (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा) कॅन्सर, आणि नाकात लाल, रक्ताळणारं मास दिसलं की पॉलिप. तलावात आंघोळ करणाऱ्यांना होणारा ऱ्हायनोस्पोरिडिओसिसही असाच रक्ताळतो, पण त्याच्या पृष्ठभागावर बारीक पांढरे ठिपके असतात. प्लाझ्मासायटोमा बहुधा गुळगुळीत असतो. नजरेने ओळखायचा मात्र यातला एकही आजार नाही.

मायलोमाचं रूप वेगळं. कंबर आणि बरगड्या दुखतात, रक्त कमी होतं, थकवा येतो, वारंवार न्यूमोनिया होतो, पाय सुजतात. विदर्भात या प्रत्येक लक्षणाला आधीच एक तयार उत्तर असतं. कंबर निंदणाने आणि ओझ्याने दुखते, रक्त खाण्यामुळे कमी आहे, आणि घरात सिकलसेल असेल तर हाडदुखी व रक्तक्षय दोन्ही त्याच्या खात्यावर जमा होतात. पण साठीच्या माणसाला पहिल्यांदाच हाडदुखी सुरू झाली आणि हिमोग्लोबिन 8 वर आलं, तर सिकलसेलवर थांबू नये. या चुकीची किंमत किडनी मोजते. मायलोमातली प्रथिनं किडनीच्या नळ्यांत साचत असतात. त्यात डायक्लोफिनॅकची सुई आणि दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने चालल्या, तर किडनी झपाट्याने बसते. मायलोमाची शंका असेपर्यंत दुखण्याला पॅरासिटामॉलच बरं. भरपूर पाणी प्यावं, आणि सीटी स्कॅनची डाय टोचण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, पाहून घ्यावं.

आता तुकडा. नाकातली ही गाठ रक्ताने भरलेली असते, म्हणून आधी सीटी स्कॅन आणि मग शस्त्रक्रियागृहातच तुकडा. चिमट्याने चिरडलेल्या इवल्याशा तुकड्यात पेशी ओळखू येत नाहीत. तुकडा त्याच्या दहापट फॉर्मालिनमध्ये, रुंद तोंडाच्या बाटलीत टाकावा. सलाईनमध्ये पाठवला तर नागपूरला पोचेपर्यंत सडतो, उन्हाळ्यात तर नक्कीच.

रिपोर्टात एक ओळ शोधायची: ‘सीडी138 पॉझिटिव्ह, लॅम्ब्डा पॉझिटिव्ह, कप्पा निगेटिव्ह’, किंवा याच्या उलट. सीडी138 म्हणजे पेशी प्लाझ्मा जातीची. कप्पा आणि लॅम्ब्डा हे लाइट चेनचे, म्हणजे अँटीबॉडीतल्या छोट्या साखळीचे, दोन प्रकार, आणि एक पेशी त्यातला एकच बनवते. कप्पा-लॅम्ब्डापैकी एकच असणं म्हणजे सगळ्या पेशी एकाच पेशीची संतती, अर्थात ट्यूमर. कप्पा आणि लॅम्ब्डा दोन्ही मिसळलेले असतील तर ती जुन्या सूजेची गर्दी असते. जुनाट सायनस आणि ऱ्हायनोस्क्लेरोमा (नाकातला जिवाणूंचा जुनाट आजार) यांतही प्लाझ्मा पेशी खच्चून भरलेल्या असतात, आणि कप्पा-लॅम्ब्डा न पाहता निघालेला रिपोर्ट इथेच फसतो. ही तपासणी झाली नसेल तर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या आणि मोठ्या केंद्रात पुन्हा वाचून घ्या. ब्लॉक मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. सीडी56 आणि सायक्लिन डी1 पॉझिटिव्ह आले तर कल मायलोमाकडे जातो, पण तो कलच. फैसला त्यावर होत नाही.

फैसला पुढच्या तपासण्यांवर. पहिली पायरी तालुक्याला होते: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, कॅल्शियम, एकूण प्रथिनं आणि आल्ब्युमिन. एकूण प्रथिनं 10 आणि आल्ब्युमिन 3 असेल, तर उरलेलं 7 ग्लोब्युलिन (ज्यात अँटीबॉडी येतात) कुठून आलं हे विचारायलाच हवं. मात्र हे आकडे ठीक आले म्हणून मायलोमा नाही असं ठरत नाही. मायलोमाच्या एका प्रकारात नुसत्या लाइट चेन तयार होतात, आणि त्या रक्तात न साचता लघवीवाटे जातात. लघवीत बुडवायची साधी पट्टी आल्ब्युमिन पकडते, त्यांना नाही.

म्हणून पुढे सिरम इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून आलेख काढणं) आणि इम्युनोफिक्सेशन (त्यातलं जास्तीचं प्रथिन कोणत्या जातीचं ते ओळखणं), सिरम फ्री लाइट चेन (कप्पा-लॅम्ब्डाचं सामान्य गुणोत्तर 0.26 ते 1.65) आणि 24 तासांची लघवी. इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात गॅमाच्या, म्हणजे अँटीबॉडीच्या, जागी एरवी बसका उंचवटा असतो. मायलोमात तिथे बाभळीच्या काट्यासारखं अरुंद, उभं टोक निघतं. एकट्या गाठीत चारपैकी तिघांना असं टोक नसतंच, आणि असलं तरी बारीक असतं. लघवी गोळा करताना सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या सकाळची पहिली, सगळी एकाच डब्यात. डबा लॅबमधूनच आणा. घरातली फवारणीच्या औषधाची कॅन कितीही धुतली तरी वापरू नका.

त्यानंतर कमरेच्या हाडातून मगजाची तपासणी आणि अंगभराचा पेट-सीटी किंवा एमआरआय. साधा एक्स-रे हाडाचा किमान तिसरा हिस्सा विरघळेपर्यंत काही दाखवत नाही. बोन स्कॅनवर तर मायलोमासाठी पैसे घालवू नयेत, कारण तो हाडाची नवी भर दाखवतो आणि मायलोमात भर पडतच नाही.

मगजात एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी 10 टक्के किंवा अधिक, किंवा तुकड्याने सिद्ध झालेली गाठ, आणि त्यासोबत पुढीलपैकी एक गोष्ट असेल तर तो मायलोमा: कॅल्शियम 11 च्या वर, क्रिएटिनिन 2 च्या वर, हिमोग्लोबिन 10 च्या खाली, किंवा हाडाला 5 मिलिमीटर वा मोठं भोक. अर्थात रक्तक्षयाला किंवा किडनीला दुसरं स्पष्ट कारण नसावं. मगजात 60 टक्के किंवा अधिक पेशी, फ्री लाइट चेनचं गुणोत्तर 100 किंवा जास्त, किंवा एमआरआयवर एकाहून अधिक ठिकाणं, यांपैकी काहीही असेल तरी मायलोमाच धरतात. हे आंतरराष्ट्रीय निकष 2014 चे. यातलं काहीच नसेल आणि मगज स्वच्छ असेल, तरच गाठ एकटी.

मध्ये एक फसवी जागा आहे. वरचा किंवा खालचा जबडा आतून पोखरला असेल तर ती मऊ भागातली गाठ नाही, हाडातला एकटा प्लाझ्मासायटोमा आहे. याचे निम्म्याहून जास्त पेशंट पुढे मायलोमात जातात. नाका-घशातल्या मऊ गाठीचे जाणारे खूप कमी. मागच्या दाढा आपोआप हलणं किंवा खालचा ओठ बधिर होणं ही हाडाची खूण. सीटीच्या हाडाच्या खिडकीत, म्हणजे हाड ठळक दाखवणाऱ्या चित्रांत, आजार हाडात सुरू झाला की बाहेरून हाडावर आला, हे पाहायला सांगावं.

एकट्या गाठीला रेडिएशन, लोकांच्या भाषेत शेक. 5 सेंटिमीटरहून लहान असेल तर साधारण 40 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), 20 बैठकांत. मोठी असेल तर 50 ग्रेपर्यंत, 25 बैठकांत. मानेत गाठी असतील तर त्याही त्यात घेतात. आठवड्याला पाच बैठका, म्हणजे चार-पाच आठवडे नागपूर किंवा वर्ध्याला मुक्काम. पेरणी-वेचणीचं पाहून त्यात खंड पाडू नये, मधले सुटलेले दिवस भरून निघत नाहीत. दहापैकी आठ-नऊ जणांची गाठ त्या जागी कायमची आटोक्यात येते, म्हणूनच चेहरा विद्रूप करणारी मोठी शस्त्रक्रिया इथे टाळायची. गाठ शेवटच्या बैठकीला गेलेली नसते, पुढे काही महिने विरत राहते. तेवढ्यावरून उपचार फसला असं समजू नये.

मायलोमात तीच नाकातली गाठ जास्त त्रास देत असेल तर कमी मात्रेत, एक ते पाच बैठकांत शेकतात. खरा उपचार औषधांचा: बॉर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन, जमणाऱ्यांना स्वतःच्याच स्टेम सेलचं प्रत्यारोपण, आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड.

दातांचं काम दोन्हींत आधी उरकायचं. जबडा शेकला की हाडाचं रक्त कमी होतं, आणि झोलेड्रॉनिकने हाडाची झीज-भर मंदावते. दोन्हींत नंतर उपटलेल्या दाताची जखम न भरता हाड उघडं पडून सडू शकतं. किडके दात रेडिएशनच्या निदान दोन आठवडे आधी काढा. खर्रा त्याच दिवशी बंद.

रेडिएशन संपल्यावर पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी नाक-घसा-मान तपासून घ्या आणि हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, इलेक्ट्रोफोरेसिस करा. पुढे दर सहा महिन्यांनी, कायम. आधी नसलेलं टोक आलेखात उगवलं किंवा नव्या हाडात दुखू लागलं, तर मगज आणि स्कॅन पुन्हा. जुने आलेख फाइलमध्ये जपून ठेवा, नवा आलेख त्यांच्याशीच ताडून पाहायचा असतो.