लिव्हरच्या गाठीत सुई घातली तर रक्त जातं कुठे?

लिव्हर कॅन्सरची गाठ लहान असेल, साधारण 3 सेंटीमीटरच्या आत, तर पोट न उघडता बाहेरूनच सुई घालून ती जाळून टाकता येते. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन किंवा मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन म्हणतात ते हेच. सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत बघत सुई गाठीपर्यंत नेतात, टोक तापवतात, गाठ जळते, सुई बाहेर, झालं. टाका नाही की मोठी जखम नाही, त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटतं की ह्यात रक्तबिक्त काही येत नसणार.

खरं तर प्रश्न उलटा विचारायला हवा. लिव्हरमधून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं, हृदय जेवढं पंप करतं त्याच्या जवळपास चौथा हिस्सा, मग अशा अवयवात सुई खुपसूनही बहुतेक वेळा काहीच कसं होत नाही? उत्तर आहे उष्णता. 60 अंशांच्या वर पेशींमधलं प्रोटीन जवळपास लगेच गोठतं आणि आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या तिथल्या तिथे बंद होतात. मोठ्या वाहिन्या मात्र बंद होत नाहीत, कारण त्यातलं वाहतं रक्त उष्णता सोबत घेऊन जातं आणि भिंत सहसा शाबूत राहते (ह्याचाच तोटा असा की मोठ्या नसेला चिकटलेला गाठीचा भाग कधी कधी पुरता जळत नाही). म्हणजे जाळलेल्या जागेतून रक्त येणं तसं कमी, त्रास होतो तो जास्त करून सुईच्या वाटेत, म्हणून सुई बाहेर काढतानाही ती तापती ठेवून वाट शेकत शेकत येतात.

किती वेळा होतो हा त्रास? 2003 साली इटलीतल्या 41 सेंटर्सचा एकत्र अभ्यास आला होता, 2320 पेशंट, सगळे रेडिओफ्रिक्वेन्सीवाले. गंभीर गुंतागुंत 2.2 टक्के लोकांत झाली आणि पोटातला रक्तस्राव हा त्यातल्या नेहमी दिसणाऱ्या प्रकारांपैकी एक होता. मृत्यू 6 झाले, त्यातला एक गाठ फुटून झालेल्या मोठ्या रक्तस्रावाने. आकडे लहानच आहेत, पण माझ्या मते आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की रक्त शिरतं कुठे, कारण लक्षणं त्यावर ठरतात आणि जागा कधी कधी अगदीच भलती असते.

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे पोटाच्या पोकळीत. गाठ लिव्हरच्या पृष्ठभागावर असेल, बाहेर डोकावत असेल तर ही भीती जास्त, म्हणून अशा गाठीत थेट सुई न घालता आधी थोड्या चांगल्या लिव्हरमधून आत जातात, म्हणजे तो भाग रक्त दाबून धरतो. कधी रक्त लिव्हरच्या आवरणाखालीच साठून राहतं, दुखतं खूप पण बरेचदा आपोआप थांबतं. पोटात आधीच पाणी झालेलं असेल तर मात्र दाब द्यायला आजूबाजूला काही नसतं, रक्त त्या पाण्यात मिसळत राहतं आणि पोट आधीच फुगलेलं असल्यामुळे कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही.

दुसरी जागा छाती. लिव्हरचा बराचसा भाग बरगड्यांच्या मागे असतो, सुई दोन बरगड्यांमधून जाते, आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक धमनी चिकटून चाललेली असते, तिला धक्का लागला तर रक्त फुफ्फुसाभोवती साठतं. तेव्हा उपचार लिव्हरवर झालेला आणि पेशंट म्हणतोय दम लागतोय. डाव्या बाजूची, हृदयाच्या अगदी खालची गाठ असेल तर क्वचित हृदयाच्या आवरणात रक्त साठल्याच्याही केसेस आहेत, फार दुर्मिळ, पण जिवावरच्या.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पित्तनलिकेत रक्त जाणं, हिमोबिलिया. लिव्हरमध्ये धमनी, पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी मोठी नस) आणि पित्तनलिका एकमेकींना बिलगून चालतात, त्यामुळे एका सुईने दोघींना भोक पडू शकतं. रक्त पित्ताबरोबर आतड्यात उतरतं, शौच डांबरासारखी काळी होते, गुठळी नलिकेत अडकली तर कावीळ आणि पोटात कळ. हे त्रिकूट क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1871 मध्ये मांडलं होतं, पण तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. त्यात पुन्हा धमनीच्या भिंतीला इजा होऊन तिथे फुगा तयार झाला असेल तर तो काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी फुटतो, तोवर पेशंट घरी जाऊन कामालाही लागलेला असतो.

लिव्हर कॅन्सरच्या बहुतेक पेशंटना आधीपासून सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून कडक झालेलं लिव्हर, असतो हेही विसरून चालत नाही. प्लीहा वाढलेली, त्यात प्लेटलेट्स अडकतात, रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं तेही कमी. गंमत म्हणजे रक्त पातळ ठेवणारे घटकही लिव्हरच बनवतं, ते पण कमी होतात, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी टेस्ट) वाढलेला दिसला म्हणून रक्तस्राव होणारच असं म्हणता येत नाही, ती टेस्ट मुळात वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांसाठी बसवलेली. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेंट असलेल्या माणसाला ते फार महागात पडू शकतं.

उपचारानंतर थोडा ताप, थोडं दुखणं, उजवा खांदा दुखणं हे रक्तस्राव नसतानाही होतं. चक्कर, घाम, पोट ताठणं, बीपी उतरणं हे मात्र वेगळं. नाडी वाढते असं सगळे म्हणतात, पण सिरॉसिसमध्ये बऱ्याच जणांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असतं आणि ह्या गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. हिमोग्लोबिनही पहिल्या काही तासांत ठीक येऊ शकतं.

रक्त चालूच राहिलं तरी बहुतेक वेळा पोट उघडावं लागत नाही. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत घालून फुटलेल्या फांदीत कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, टाकून ती बंद करतात. लिव्हरला सुमारे पाऊण रक्त पोर्टल व्हेनमधून येत असल्यामुळे धमनीची एक फांदी बंद झालेली तिला सहसा चालते, पण कॅन्सर पोर्टल व्हेनमध्येच शिरून ती बंद झाली असेल तर हिशोब बदलतो.

म्हणून घरी गेल्यावर काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली आणि इमर्जन्सीत जावं लागलं तर लिव्हरमध्ये सुई घालून उपचार झालाय हे तारखेसकट आधी सांगा. सिरॉसिसचा पेशंट आणि काळी शौच म्हटलं की कुणीही आधी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांचाच विचार करणार, आणि बरेचदा ते बरोबरही असतं, पण एन्डोस्कोपीत त्या नसा शांत दिसल्या तर पुढे पित्तनलिकेच्या तोंडाकडे बघायचं आणि सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) करायचा हे त्या एका वाक्यामुळे सुचतं.