फुगलेलं पोट आधी वरून बघा, औषधाचं नंतर बोलू

"गोल्डफिशचं पोट फुगलंय, कुठलं औषध टाकू?" असा मेसेज आणि सोबत काचेवरच्या शेवाळातून काढलेला एक अंधुक फोटो. मासे पाळणाऱ्या कुणाच्याही व्हॉट्सॲपवर हे अधूनमधून येतंच, आणि खरं सांगायचं तर एवढ्या माहितीवर या प्रश्नाला उत्तर देताच येत नाही. कारण पोट फुगणं हा आजार नाहीये, ते लक्षण आहे. आत अंडी असू शकतात, पोट साफ होत नसेल, किडनीने हात टेकले असतील नाहीतर गाठ वाढत असेल, आणि यातल्या एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडतोच असं नाही.

म्हणून पहिलं काम एकच, माशाकडे वरून बघायचं. समोरून काचेतून नाही, झाकण उघडून वरून. खवले अंगाला चिकटून सपाट आहेत का प्रत्येक खवला थोडा थोडा उभा राहिलाय? पोट दोन्ही बाजूंनी सारखं फुगलंय का एकाच बाजूला टेंगूळ आहे? मासा खातोय का, शी करतोय का, कल्ले भराभर हलतायत का? एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं.

गपी, मॉली, प्लॅटी असेल आणि मादी असेल तर आधी घाबरूच नका, हे मासे पिल्लांना जन्म देतात, साधारण चार आठवड्यांत पोट भरत जातं आणि शेपटीकडच्या बाजूला काळा डाग गडद होतो. गोल्डफिशची मादीही अंड्यांनी जाड दिसते, पण खाणंपिणं आणि हिंडणं चालू असतं. इथे काही करायचं नाही.

आता पोट साफ न होण्याची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. गोल्डफिशला जठरच नसतं. खरंच. घशातल्या दातांनी अन्न चिरडायचं आणि ते थेट आतड्यात. साठवून ठेवायला कोठारच नाही, त्यामुळे हा मासा निसर्गात दिवसभर थोडं थोडं चरत असतो, जरा शेवाळ, एखादी अळी, तळातला गाळ. आणि आपण काय करतो तर सकाळी ऑफिसला निघताना एक चिमूट पेलेट्स, संध्याकाळी आल्यावर दोन चिमटी, वर घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोरांनी टाकलेलं वेगळं. त्यात ओरांडा, रांचू, रायुकिन असे गोल गरगरीत प्रकार म्हणजे माणसाने शतकानुशतकं निवड करून करून आखूड केलेलं शरीर, आतडं आणि हवेची पिशवी दोन्ही त्याच तेवढ्याशा जागेत कोंबलेली. एक जरा फुगलं की दुसऱ्यावर दाब. मग मासा कलतो, उलटा होतो, वर तरंगत राहतो, आणि आपण म्हणतो स्विम ब्लॅडरचा, म्हणजे याच हवेच्या पिशवीचा, आजार झाला.

अशा वेळी, म्हणजे खवले सपाट आहेत, मासा एरवी तरतरीत आहे, फक्त पोट टम्म आणि शी होत नाहीये, तर दोन-तीन दिवस खाणं पूर्ण बंद. घरातल्या आजीला हे अजिबात पटत नाही, "उपाशी मारशील त्याला" वगैरे ऐकावं लागतं, पण मोठ्या धडधाकट माशाला दोन-तीन दिवसांच्या उपासाने काहीही होत नाही. त्यानंतर उकडलेला मटार, साल काढून, बारीक चुरून, एखादा दाणा. हा मटाराचा उपाय काही नुसता हौशी लोकांचा शोध नाहीये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतले माशांचे डॉक्टर ग्रेगरी लुबार्ट यांनी तरंगणाऱ्या गोल्डफिशसाठी तो सुचवला होता. पण नेटवर तो इतका फिरलाय की आता कुठल्याही माशाच्या कुठल्याही पोटावर लोक मटार सांगतात, हे मात्र मला पटत नाही. फायटर, म्हणजे बेट्टा, हा मूळचा थायलंडकडचा, किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा मांसाहारी मासा. त्याला मटार कशाला? त्याला डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला बारीक कवचवाला जीव, द्या, त्याच्या कवचाचा चोथा आतड्यातून पुढे सरकायला मदत करतो. आणि बेट्टाच्या पाण्याचं तापमान बघा. पुण्यात-नाशकात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, हीटर नसलेल्या छोट्या टँकचं पाणी गार पडतं, आणि माशाचं शरीर पाण्याइतकंच गरम असल्यामुळे पचनही मंदावतं. या माशाला २५ ते २८ अंश लागतात. कित्येकदा पोट फुगण्याचं कारण एवढंच असतं.

खवले उभे राहिलेले दिसले तर मात्र मामला वेगळा. याला ड्रॉप्सी म्हणतात, आणि हे समजायला आधी गोड्या पाण्यातला मासा जगतो कसा ते बघावं लागतं.

मनुका पाण्यात टाकला की फुगतो ना, तसं गोड्या पाण्यातल्या माशाचं कायम होऊ घातलेलं असतं. त्याच्या रक्तात साधारण लिटरला ८-९ ग्रॅम मिठाइतके क्षार, आणि बाहेरच्या नळाच्या पाण्यात बहुतेक वेळा एक ग्रॅमसुद्धा नाही. पाणी नेहमी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे सरकतं, आणि माशाचे कल्ले पातळ पडद्यांचे, ऑक्सिजन आत घ्यायचा तर पातळच असायला हवेत, त्यामुळे त्यातून पाणीही दिवसरात्र आत झिरपत राहतं. म्हणून हा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. उलट त्याच्या किडन्या सतत पातळ लघवी करून आत आलेलं पाणी बाहेर फेकत असतात आणि कल्ले पाण्यातले क्षार परत ओढून घेत असतात. मासा शांत एका जागी तरंगताना दिसतो तेव्हाही हा पंप चालूच असतो.

आता किडनी बंद पडली की काय होणार? पाणी आत येणं थांबत नाही, बाहेर जाणं थांबतं. ते आधी पोटाच्या पोकळीत साठतं, मग खवल्यांच्या खालच्या खोबणीत, आणि खवले उचलले जातात, डोळेही बाहेर येतात. म्हणजे आपल्याला खवले दिसतात तोपर्यंत आतलं काम बरंच बिघडलेलं असतं. बहुतेक वेळा यामागे एरोमोनाससारखे बॅक्टेरिया असतात, आणि गंमत म्हणजे हे बॅक्टेरिया जवळपास प्रत्येक टँकमध्ये असतातच. धडधाकट माशाला ते काही करत नाहीत. मासा कशाने तरी खचलेला असेल तेव्हाच ते आत घुसतात.

आणि तो खचतो कशाने, तर दहात आठ वेळा पाण्याने (हा माझा अंदाज, कुणाचं सर्वेक्षण नाही). माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण ही बॅक्टेरियांची वस्ती नवीन टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि आपण मासे मात्र टँकबरोबरच त्याच दिवशी आणलेले असतात. अमोनियाचं विष पीएचवरही (पाणी आम्लधर्मी का अल्कधर्मी याचं माप) अवलंबून असतं, तोच अमोनिया पीएच ७ ला असेल त्याच्या साधारण नऊ-दहा पट विषारी पीएच ८ ला होतो, आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास असतं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, काही कळत नाही. म्हणून थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य पाहिजे. नसेल तर औषधाआधी पाणी बदला, रोज पाव ते एक तृतीयांश, क्लोरीन काढलेलं आणि टँकइतक्याच तापमानाचं.

दुकानात गेलात की दादा एक निळी बाटली काढून देतो. ते बहुतेक वेळा मेथिलिन ब्लू असतं, अंड्यांवरच्या बुरशीला वगैरे चांगलं, पण माशाच्या पोटातल्या इन्फेक्शनपर्यंत ते पोचत नाही, शिवाय फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मारून टाकतं. म्हणजे आजार तिथेच आणि अमोनिया वर. अँटिबायोटिकचंही तसंच, पाण्यात पावडर टाकण्यापेक्षा खाण्यातून दिलेलं जास्त पोचतं, पण मासा खात असेल तरच, आणि कुठलं व किती हे माशांचं बघणाऱ्या व्हेटने सांगितलेलं बरं. अंदाजे टाकत राहिल्याने औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया तयार होतात.

मिठाबद्दल लोक नेहमी गोंधळतात. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मेडिकलमध्ये मिळतं, ते पोट साफ व्हायला आणि आतलं पाणी ओढून काढायला वापरतात. हॉबीत चालणारं प्रमाण २० लिटरला एक चमचा, छोटा. साधं मीठ वेगळं, ते लिटरला १ ते ३ ग्रॅम घातलं तर बाहेरचं पाणी माशाच्या रक्ताच्या जरा जवळ येतं, आत झिरपणं कमी होतं, किडनीवरचा भार हलका होतो. दोन्ही आधी मगमध्ये विरघळवा, काही तासांत थोडं थोडं घाला, आणि शक्यतो वेगळ्या टबात एअर पंप लावून करा, कारण टँकमधली झाडं आणि कॅटफिश, लोच वगैरेंना साधं मीठ सोसत नाही. बाष्पीभवनाने मीठ उडत नाही हेही लक्षात ठेवा, पाणी कमी झालं म्हणून भरताना परत मीठ घालायचं नाही.

पोट एकाच बाजूला फुगलंय आणि महिनोन् महिने हळूहळू वाढतंय, तर बहुधा गाठ किंवा सुजलेली किडनी. गोल्डफिशमध्ये होफेरेलस नावाचा एक परजीवी किडनी अशी फुगवतो. घरी यावर फारसं काही करता येत नाही, पण असे मासे वाकड्या पोटाने बरेच दिवस मजेत जगतातही, उगाच औषधांचा मारा करू नका.

ड्रॉप्सीतून मात्र कमी मासे वाचतात, खवले पूर्ण उभे राहिल्यावर तर फारच कमी. मासा मेला तर तळ्यात किंवा टॉयलेटमध्ये टाकू नका, कुंडीत खोल पुरा. बाकीच्या माशांना ड्रॉप्सी लागेल का? ती सर्दीसारखी पसरत नाही, पण ते त्याच पाण्यात आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी पाणी तपासाच. आणि टँकमध्ये हात घालताना बोटाला जखम असेल तर ग्लोव्ह घाला, आजारी माशांमध्ये कधीकधी मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा बॅक्टेरिया असतो, तो माणसाच्या जखमेत शिरून महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी करतो. तशी गाठ आलीच तर स्किनच्या डॉक्टरांना घरी मासे आहेत हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.