बाल्मेन, १९८९: सहा गुणांची आघाडी आणि शेवटची नव्वद सेकंदं

ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या चाहत्यांमध्ये ‘एकोणनव्वदची फायनल’ म्हटलं की पुढे संघांची नावं सांगावी लागत नाहीत. २४ सप्टेंबर १९८९ रोजी सिडनी फुटबॉल स्टेडियमवर, म्हणजे क्रिकेटमुळे आपल्या ओळखीच्या असलेल्या एससीजीला लागूनच, बाल्मेन टायगर्स हा सिडनीचा जुना संघ कॅनबेरा रेडर्सकडून १९-१४ असा हरला. मध्यंतराला बाल्मेनकडे १२-२ अशी आघाडी होती. ८० मिनिटांचा खेळ संपायला दीड मिनिट उरलं, तेव्हाही ते सहा गुणांनी पुढे होते. तिथून बरोबरी झाली आणि जादा वेळेत सामना हातचा गेला. तटस्थ प्रेक्षक या लढतीला आजवरची सर्वोत्तम ग्रँड फायनल मानतात. बाल्मेनवाल्यांसमोर मात्र ही स्तुती जरा बेतानेच करावी.

हा पराभव इतका का सलतो हे समजायला आधी गुणांचा हिशेब हवा. एका संघात १३ खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा पकडले गेले की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा चेंडू पायाने उडवला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे चार गुण (१९८३ पूर्वी तीनच मिळत). ट्रायनंतरच्या कन्व्हर्जनचे दोन, पेनल्टी गोलचेही दोन. चालू खेळात हातातला चेंडू खाली सोडून तो जमिनीला लागताक्षणी लाथाडायचा आणि दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून धाडायचा, हा फील्ड गोल. त्याचा तेव्हा एकच गुण. एका हल्ल्यातून सहसा जास्तीत जास्त सहा गुण निघतात. सहाची आघाडी एका ट्रायने आणि कन्व्हर्जनने पुसली जाते, सातची जात नाही. बाल्मेनला त्या दिवशी हा सातवा गुण मिळाला नाही.

बाल्मेन हे सिडनी बंदराच्या काठावरचं उपनगर. गोदी, कारखाने, एवढंच काय, बंदराखाली जाणारी कोळशाची खाणसुद्धा तिथे होती. आज तिथल्या घरांच्या किमती ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ही मूळची कामगार वस्ती. १९०८ मध्ये लीगची पहिली स्पर्धा भरली तेव्हाच्या संस्थापक क्लबांपैकी हा एक. काळा आणि सोनेरी-नारिंगी हे त्यांचे रंग, लायकार्ट ओव्हल हे घरचं मैदान. फायनलशी त्यांचं नातं सुरुवातीपासूनच विचित्र आहे. १९०९ ची फायनल दुसऱ्या एका सामन्याआधीचा पूरक खेळ म्हणून ठेवल्याच्या निषेधात बाल्मेनचा संघ मैदानावर उतरलाच नाही. साउथ सिडनीने समोर कुणी नसताना खेळ सुरू केला, चेंडू नेऊन टेकवला आणि विजेतेपद घेतलं. त्यानंतर मात्र बाल्मेनचे दिवस आले. १९१५ ते १९२४ या दहा वर्षांत सहा विजेतेपदं, पुढे १९३९, १९४४, १९४६ आणि १९४७. अकरावं आणि शेवटचं १९६९ मध्ये, तेही साउथ सिडनीच्या जबरदस्त संघाला ११-२ असं नमवून. त्या दिवशी बाल्मेन जिंकेल असं फारसं कुणी धरलं नव्हतं. म्हणजे १९८९ उजाडलं तेव्हा मागे वीस वर्षांचा दुष्काळ होता.

शिवाय आदल्या वर्षीची जखम ताजी होती. १९८८ मध्ये बाल्मेन खालच्या क्रमांकावरून बाद फेरीत शिरून थेट फायनलपर्यंत पोचलं. इंग्लंडहून थोड्या काळासाठी आणलेला एलरी हॅन्ली भन्नाट खेळत होता. फायनलमध्ये कँटरबरीच्या टेरी लॅमच्या उंच टॅकलने तो घायाळ होऊन बाहेर गेला आणि सामना १२-२४ असा गेला. पुढच्या वर्षी बाल्मेनने आणखी तयारी केली. कर्णधार वेन पिअर्स, पुढच्या फळीत स्टीव्ह रोच, हुकर बेनी इलायस, दुसऱ्या रांगेत धिप्पाड पॉल सिरोनन, फुलबॅक गॅरी जॅक आणि इंग्लंडचा अँडी करिअर, जो गोलही मारत असे. साखळीत तिसरा क्रमांक मिळाला. पेनरिथ आणि मग साउथ सिडनी यांना हरवून बाल्मेन सरळ फायनलमध्ये गेलं.

प्रशिक्षक होते वॉरन रायन. या सामन्याबद्दलचा निम्मा वाद त्यांच्याभोवती फिरतो, म्हणून त्यांचा पूर्वेतिहास बघायलाच हवा. कँटरबरीचे प्रशिक्षक असताना १९८४ ची फायनल त्यांनी ६-४ ने जिंकली, १९८५ ची ७-६ ने, आणि १९८६ ची ४-२ ने गमावली. त्या शेवटच्या सामन्यात तर एकही ट्राय झाली नाही. या तीन निकालांतून माणूस काय शिकेल? फायनलमध्ये चार-सहा गुण म्हणजे डोंगर, आणि बचाव पक्का असला की तो कुणी ओलांडत नाही. तेव्हाचा नियमही बचावाच्या बाजूचा होता. टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांना पाचच मीटर मागे हटावं लागे. आज दहा मीटर जावं लागतं. पाच मीटरमध्ये हल्ला करणाऱ्याला वेग घ्यायला जागाच मिळत नसे.

समोरचा कॅनबेरा हा राजधानीतला नवा क्लब, १९८२ मध्ये लीगमध्ये आलेला. १९८७ ची फायनल मॅनलीकडून १८-८ अशी हरलेला. सिडनीबाहेरच्या संघाने तोवर एकदाही विजेतेपद मिळवलं नव्हतं, आणि साखळीत चौथा आलेला संघही कधी जिंकला नव्हता. प्रशिक्षक टिम शीन्स, कर्णधार मॅल मेनिंगा. ब्रॅडली क्लाइड आणि लॉरी डेली अजून १९ वर्षांचे, हाफबॅक रिकी स्टुअर्ट, तर विंगवर पस्तिशीतला जॉन फर्ग्युसन. हा संघ मोकळा, चेंडू दूरवर फिरवत खेळणारा, आणि सामना लांबला तर दम टिकेल असा.

पहिला अर्धा सगळा बाल्मेनचा. जेम्स ग्रँट आणि सिरोनन यांच्या ट्राय, करिअरचे दोन गोल, असे १२. कॅनबेराकडे मेनिंगाच्या पेनल्टीचे दोन. उत्तरार्धात गॅरी बेल्चरने ट्राय केली, कन्व्हर्जन झालं, १२-८. करिअरच्या आणखी एका पेनल्टीने १४-८. सामना तिथेच संपवायच्या संधी बाल्मेनने एकामागून एक घालवल्या, आणि चाहत्यांना त्या सगळ्या तोंडपाठ आहेत.

मिक नील गोलरेषेकडे धावत सुटला होता. मागून झेपावलेल्या मेनिंगाने हाताने त्याच्या घोट्याला नुसता फटका मारला आणि नील रेषेच्या अलीकडे पडला. पिअर्सच्या बाहेर मोकळे खेळाडू होते, बचाव कमी पडला होता, पण पास त्याच्या हातातून निसटला. पुढे निसटलेला चेंडू म्हणजे नॉक-ऑन. लगेच स्क्रम (दोन्ही संघांच्या फॉरवर्डनी एकमेकांना भिडून खेळ पुन्हा सुरू करणं), आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात. त्या हंगामात पिअर्सइतका विश्वासू खेळाडू बाल्मेनमध्ये दुसरा नव्हता, म्हणून ही चूक जास्त लागते. आणि इलायसचा फील्ड गोल. चेंडूची दिशा बरोबर, उंची किंचित कमी. आडवी दांडी जमिनीपासून तीन मीटरवर असते. चेंडू तिच्यावर आदळून परत मैदानात आला. वरून गेला असता तर १५-८, म्हणजे तोच सातवा गुण.

दांडीची आठवण सगळ्यांना असते, कारण ती दिसते. सामना खरा फिरला तो बाकावरच्या निर्णयाने, असं माझं मत आहे. आघाडी राखायची म्हणून रायन यांनी रोचला बाहेर घेऊन केव्हिन हार्डविकला आणि सिरोननला बाहेर घेऊन मायकेल पॉबजीला आत पाठवलं. दोघेही भरवशाचे टॅकल करणारे. अडचण नियमात होती. त्या काळी एकदा बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकत नसे. आज मर्यादित संख्येत अदलाबदल चालते, खेळाडू दम घेऊन परत येतो. दोन सर्वांत दणकट फॉरवर्ड कायमचे बाहेर ठेवणं हा केवळ ८० मिनिटांचा हिशेब होता. त्या हिशेबात जादा वेळ धरलेली नव्हती. धरायला हवी होती का? १९७७ मध्ये सेंट जॉर्ज आणि पॅरामॅटा यांची फायनल जादा वेळेनंतरही ९-९ अशी बरोबरीत राहून पुन्हा खेळवावी लागली होती, १९७८ ची मॅनली-क्रोनला फायनल ११-११ अशी सुटून पुन्हा झाली होती. पण अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या त्या उदाहरणांपेक्षा प्रशिक्षकाला स्वतःच्या ६-४ आणि ७-६ चा अनुभव जवळचा वाटणं स्वाभाविक आहे. निर्णयाला मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी आधी ते दोन निकाल आठवावेत.

शेवटची दोन मिनिटं. क्रिस ओ’सुलिव्हनने चेंडू उंच उडवला. अशा किकला बॉम्ब म्हणतात. हेतू हा की चेंडू खाली येईपर्यंत आपले खेळाडू तिथे पोचावेत आणि झेल घेणाऱ्यावर दडपण यावं. डेलीने तो मिळवला आणि फर्ग्युसनकडे टाकला. विंगर सहसा कोपऱ्याकडे धावतो. फर्ग्युसन उलट आत वळला, बचाव करणाऱ्यांच्या पावलांच्या विरुद्ध, आणि रेषेपलीकडे जाऊन टेकला. आत वळण्याचं महत्त्व दुहेरी. बचाव चुकलाच, शिवाय कन्व्हर्जन ट्राय जिथे झाली त्या जागेच्या सरळ रेषेतून मारावं लागतं. कोपऱ्यात ट्राय झाली की कोन तिरपा होतो, खांबांकडे सरकली की सोपा. १४-१२. मेनिंगाने लाथ घातली आणि १४-१४.

जादा वेळ दहा-दहा मिनिटांच्या दोन सत्रांची होती, आणि पूर्ण खेळायची. पहिला गुण मिळवणारा जिंकला, हा गोल्डन पॉइंटचा नियम फार नंतरचा. सुरुवातीलाच ओ’सुलिव्हनने फील्ड गोल मारला, १५-१४. बाल्मेनला परत यायला वेळ पुष्कळ होता, पण गर्दी फोडून पुढे नेणारे रोच आणि सिरोनन बाकावर बसून बघत होते. शेवटाकडे कॅनबेराचा बदली फॉरवर्ड स्टीव्ह जॅक्सन टॅकल झटकत, उरलेल्यांना अंगावर घेऊन रेषा ओलांडून गेला. १९-१४. ग्रँड फायनलचा निकाल जादा वेळेत लागण्याची ही पहिलीच वेळ. सामन्यातला सर्वोत्तम म्हणून क्लाइव्ह चर्चिल पदक क्लाइडला मिळालं. पंच बिल हॅरिगन यांची ही पहिली ग्रँड फायनल; त्यांच्या शिट्टीबद्दलच्या तक्रारी बाल्मेनमध्ये अजून ऐकू येतात, पण दहा गुणांची आघाडी पंचाने घालवली असं म्हणणं मला पटत नाही.

हार प्रत्येक क्लबच्या वाट्याला येते आणि पुढच्या एखाद्या विजेतेपदाने ती फिकी पडते. बाल्मेनला ती सोय उरली नाही. या संघाने पुन्हा कधी ग्रँड फायनल खेळलीच नाही. १९९५ मध्ये प्रसारण हक्कांवरून लीग दुभंगली आणि सुपर लीग या प्रतिस्पर्धी स्पर्धेचं भांडण सुरू झालं. व्याप्ती वाढवण्याच्या नादात ‘बाल्मेन’ हे नाव काढून संघ सिडनी टायगर्स झाला, घरचे सामने पॅरामॅटाला गेले. चाहत्यांनी पाठ फिरवली, आणि १९९७ मध्ये नाव आणि लायकार्ट दोन्ही परत आणावं लागलं. तोवर तिजोरी रिकामी होत आली होती. १९९८ मध्ये दोन्ही लीग एकत्र आल्यावर संघ वीस झाले आणि ते २००० पर्यंत चौदावर आणायचे ठरले. प्रेक्षकसंख्या, उत्पन्न अशा निकषांवर कुणाला काढायचं ते ठरणार होतं. एकटं उभं राहण्यात धोका होता. साउथ सिडनीसारख्या क्लबलाही बाहेर काढलं गेलं, ते २००२ मध्येच परतू शकले. बाल्मेनने वेस्टर्न सबर्ब्ज (वेस्ट्स) या क्लबशी हातमिळवणी केली आणि २००० पासून वेस्ट्स टायगर्स हा संयुक्त संघ उतरला. १९९९ मध्ये बाल्मेनचा स्वतंत्र क्लब म्हणून शेवटचा सामना झाला. प्रशिक्षक वेन पिअर्स, मैदान कॅनबेराचं, प्रतिस्पर्धी रेडर्स. पुन्हा हार.

संयुक्त संघाने २००५ मध्ये नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजना ३०-१६ असं हरवून विजेतेपद मिळवलं. बेंजी मार्शलने पाठीमागून दिलेला पास आणि त्यावरची पॅट रिचर्ड्सची ट्राय त्या दिवसाची खूण बनली. प्रशिक्षक कोण, तर टिम शीन्स, १९८९ मध्ये समोरच्या बाकावर बसलेले. या विजयाने बाल्मेनचं खातं बंद झालं असं काही जण मानतात. काहींच्या लेखी २००५ हे वेगळ्या संघाचं यश आहे, आणि बाल्मेनची नोंद अकरा विजेतेपदांवरच थांबते. नोंदवह्या दुसऱ्या गटाच्या बाजूने आहेत.

कॅनबेराला १९९० आणि १९९४ ही आणखी दोन विजेतेपदं मिळाली, मग त्यांचाही दुष्काळ सुरू झाला. २०१९ च्या ग्रँड फायनलमध्ये सिडनी रूस्टर्सविरुद्ध ८-८ अशी बरोबरी असताना पंचांनी हात फिरवून पुन्हा सहा टॅकल दिल्याची खूण केली आणि लगेच निर्णय बदलला. नव्याने सहा टॅकल मिळाले असं समजून कॅनबेराचा खेळाडू चेंडूसह पकडला गेला, ताबा गेला, पाठोपाठ जेम्स टेडेस्कोने ट्राय केली. निकाल ८-१४. कॅनबेराचे प्रशिक्षक होते रिकी स्टुअर्ट, एकोणनव्वदचा हाफबॅक.

इकडे बाल्मेन क्लबचा शेजारच्या रोझेल उपनगरातला सभागृह-बार २०१० मध्ये बंद पडला. पैशांअभावी संयुक्त संघातलं त्यांचं वजन घटत गेलं आणि बहुतांश मालकी वेस्ट्सकडे आली. २०११ नंतर वेस्ट्स टायगर्सला बराच काळ बाद फेरी गाठता आली नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं ते तळाला राहिले. लायकार्ट ओव्हलवर दरवर्षी त्यांचे काही सामने अजून होतात.